कार्ड निर्दोष असते तेव्हा

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदत असाव्यात, विंडोजमध्ये इंटरनेट निर्वेध चालावे आणि लिनक्स सुरू करताच तेच नेटवर्क-कार्ड, तीच केबल व तोच राउटर असूनही जोडणीचा मागमूस राहू नये, असा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्यांतील पुष्कळजण प्रथम कार्डावरच संशय घेतात आणि दुकानात जाऊन ते बदलून घेण्याची तजवीज करतात. वस्तुतः कार्डाच्या निर्दोषत्वाचा याहून सबळ पुरावा शोधूनही सापडणार नाही. ज्या अर्थी एका प्रणालीत ते चालते, त्या अर्थी त्याची चिप, खाचेतील संपर्क, केबल आणि राउटर ही सर्व शाबूत आहेत. दोष आहे तो यंत्र आणि प्रणाली यांच्या दरम्यान, आणि तपास तेथूनच सुरू झाला पाहिजे.

या दरम्यानच्या जागी ड्रायव्हर नावाची आज्ञावली असते. प्रणालीने ‘ही माहिती धाड’ असा हुकूम दिला, तर तो चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता अंक लिहिल्याने अमलात येतो, हे तिलाच ठाऊक असते. विंडोजसाठी ती बहुधा चिपचा निर्माता स्वतः लिहून देतो. लिनक्सच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ ही सोय आली नाही. १९९०च्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी इथरनेट कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले, म्हणून ती प्रणाली जाळ्यात सहज वावरू लागली. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांची अंतर्गत माहिती निर्मात्याने उघड न केल्यामुळे काही स्वयंसेवकांनी चालू ड्रायव्हरचे वर्तन न्याहाळून तिचा आराखडा मांडला आणि त्या आराखड्यावरून दुसऱ्या गटाने नवा ड्रायव्हर रचला. कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये. या परिश्रमांविषयी मला मनापासून आदर वाटतो. कारण आज आपले कार्ड लिनक्समध्ये विनासायास चालते, तेव्हा त्यामागे अशा निरलस माणसांची वर्षे खर्ची पडलेली असतात.

तपासाचे पहिले काम ओळख पटविण्याचे. खोक्यावरील नाव येथे कुचकामी आहे, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या जातात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा एनएनके या पर्यायासह दिली असता प्रत्येक कार्डापुढे दोन अंकांची जोडी उमटते: पहिला निर्मात्याचा, दुसरा चिपचा. रिअलटेकचा अंक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, तर इंटेलने आपल्या १९७८च्या प्रख्यात प्रोसेसरची आठवण राखून ८०८६ हा अंक घेतला आहे. त्याच ठिकाणी कोणता ड्रायव्हर वापरात आहे, तेही लिहिलेले असते. ती ओळच नसेल, तर चिप लिनक्सच्या गाभ्याहून, म्हणजे कर्नलहून, नवी असून तिचा अंक त्याच्या दप्तरी दाखल झालेला नाही, असा संभव मोठा. उपाय अर्थातच नव्या कर्नलचा.

ड्रायव्हर आहे आणि तरीही कार्ड उठत नाही, तर डीएमईएसजी या आज्ञेने कर्नलची रोजनिशी वाचावी. तेथे फर्मवेअर चढविणे असफल झाले, त्रुटी उणे २, अशा अर्थाची ओळ आढळली, तर घाबरण्याचे कारण नाही. उणे २ म्हणजे फाइल जागेवर सापडली नाही, एवढेच. अनेक वाय-फाय चिपांना सुरू होताना निर्मात्याची फर्मवेअर नावाची एक फाइल लागते. डेबियन या लिनक्स-वितरणाने आपल्या तत्त्वनिष्ठेपायी अशा मुक्त नसलेल्या फाइली अधिकृत स्थापनाचकतीपासून वर्षानुवर्षे दूर ठेवल्या आणि २०२२च्या मतदानानंतर, २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या समाविष्ट केल्या. इंटरनेटवाचून फाइल कशी आणावी, ही अडचण फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केल्यास सुटते.

परंतु सर्वांत चकविणारा प्रकार निराळाच आहे. काल लिनक्समध्ये उत्तम चाललेले कार्ड आज, मध्ये एकदा विंडोज वापरून झाल्यावर, निष्प्राण होते. २०१२च्या विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘शटडाउन’ म्हटले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता निद्रिस्त अवस्थेत डिस्कवर साठविला जातो, आणि कार्डही कधीकधी अर्धवट अवस्थेत मागे राहते. इंटेलच्या वाय-फाय कार्डांबाबत लिनक्सच्या दस्तऐवजांतच याची ताकीद आहे. रिअलटेकच्या ८१६८ वर्गातील चिपांचे जुने दुखणे याच जातीचे: २००७च्या सुमारापासूनचा त्यांचा विंडोज-ड्रायव्हर बंद होताना कार्डाची शक्तीच काढून घेई, आणि मग लिनक्समध्ये केबलच्या खाचेजवळचा हिरवा दिवासुद्धा लागत नसे. परीक्षा सोपी आहे. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आल्यास फास्ट स्टार्टअप आड येत नाही. तेव्हा रीस्टार्टने कार्ड चालत असेल आणि शटडाउननंतर चालत नसेल, तर गुन्हेगार सापडलाच. लिनक्स विंडोजच्या विभाजनावर लिहू देण्यास नकार देत असेल, तर तीही त्याच निद्रेची साक्ष समजावी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ही सोय बंद करावी. रिअलटेकसाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये शटडाउननंतरचे वेक-ऑन-लॅन चालू करावे. आणि तातडीचा उपाय म्हणून संगणक बंद करून विजेची वायर काही क्षण काढून ठेवावी, म्हणजे कार्ड आपल्या मूळ स्थितीत येते. काही क्षण वाचविणारी फास्ट स्टार्टअपची सोय दोन प्रणाली बाळगणाऱ्याने कायमची बंद ठेवणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही यश न आल्यास आपल्या लिनक्स-वितरणाच्या दोषनोंदीत तक्रार अवश्य दाखल करावी, आणि तीत चिपची अंकजोडी, कर्नलची आवृत्ती, रोजनिशीतील संबंधित ओळी व विंडोज कसे बंद केले होते, हे न चुकता लिहावे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपाशी प्रत्येक कार्ड नसते. त्यांना तुमच्या टेबलावरचे कार्ड तुमच्या या चार ओळींतूनच दिसणार आहे.