सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखते?

"डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बिणीची तपासणीही नॉर्मल. मग माझं दुखणं खोटं का?" मुकुंदवाडीत हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. चिकलठाणा एम.आय.डी.सी.त पाळीने काम करणारे कामगार, परीक्षेच्या वर्षातील मुले, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या भगिनी असे सर्व थरांतील रुग्ण यात असतात. पोटात कळ येते, कधी जुलाब होतात, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." शेजारी म्हणतात, "आंव झाली असेल," आणि तपासणीत जंतू सापडलेले नसतानाही आंवेच्या गोळ्यांचा कोर्स पुन्हा पुन्हा घेतला जातो. पैसा जातो, दुखणे मात्र राहते.

या विकाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आय.बी.एस. म्हणतात. आपण त्याला चिडखोर आतडे म्हणू या. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाची वेळ वा स्वरूप बदलणे आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असणे, ही त्याची ओळख. भारतातील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वसामान्य लोकांपैकी ४.२ टक्के जणांत ही लक्षणे आढळली. म्हणजे शंभरात चार!

कळ पोटात, जाणीव मेंदूत

आपल्या आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते. तेथून निघालेले संदेश पाठीच्या कण्यातून आणि व्हेगस नावाच्या नसेतून सतत मेंदूकडे जातात. वायू सरकला, अन्न पुढे गेले, तरी मेंदूला वर्दी जाते. निरोगी माणसाचा मेंदू यातील बहुतेक वर्दी बाजूला ठेवतो. आय.बी.एस.मध्ये मात्र हीच साधी वर्दी कळ म्हणून जाणवते.

१९७३ साली ब्रिटनमधील डॉ. रिची यांनी मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून तो ६० मि.लि.पर्यंत फुगवला. इतरांपैकी फक्त ६ टक्के लोकांना दुखले, पण या रुग्णांपैकी ५५ टक्के लोकांना दुखले. फुगा तेवढाच, दुखणे वेगळे.

मेंदूच्या चित्रात काय दिसले?

अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१० साली आय.बी.एस. असलेल्या ५५ आणि निरोगी अशा ४८ स्त्रियांच्या मेंदूची एम.आर.आय. चित्रे तपासली. लक्ष कुठे द्यायचे हे ठरवणाऱ्या आणि वेदनेला लगाम घालणाऱ्या, कपाळामागच्या व इतर काही भागांत रुग्णांचा करडा थर विरळ आढळला. भावनांशी संबंधित काही भागांत तो उलट दाट होता. चिंता व उदासीनता यांचा हिशेब वजा केल्यावर भावनांच्या अनेक भागांतील फरक नाहीसा झाला. कपाळामागच्या भागातील फरक मात्र तसाच राहिला. तेव्हा "सगळे टेन्शनमुळेच" हे म्हणणे पुरेसे नाही.

यावरून मेंदू खराब झाला, असे कोणी समजू नये. हे फरक सूक्ष्म असतात आणि अनेकांची सरासरी काढल्यावरच कळतात. एकट्या रुग्णाच्या एम.आर.आय.वरून आय.बी.एस. ओळखता येत नाही, म्हणून त्यावर खर्च करू नये. दुखण्यामुळे मेंदू बदलतो की आधीच तसा असतो, हेही अशा एका चित्रावरून ठरत नाही. दिलासा एवढाच, की २०११ साली मॅकगिलच्याच संशोधकांना जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत, उपचाराने दुखणे कमी झाल्यावर, पातळ झालेला थर पुन्हा जाड झालेला दिसला.

उपाय काय?

जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात. पाळी बदलली तरी चार घास वेळेवर खावेत. कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध यांपैकी काय बाधते, ते नोंदवहीत लिहून पाहावे. सगळेच एकदम सोडू नये. इसबगोल उपयोगी पडते. कोंड्याने मात्र काहींचा त्रास वाढतो. झोप, चालणे आणि संथ श्वसन यांनाही महत्त्व आहे. गरज पडल्यास डॉक्टर अमिट्रिप्टिलीन हे औषध अगदी कमी मात्रेत देतात. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. मोठ्या मात्रेत ते उदासीनतेवर देतात, म्हणून चिठ्ठी पाहून घाबरू नये. येथे ते वेदनेची वर्दी सौम्य करण्यासाठी असते. मनाने मात्र घेऊ नये.

हे दिसले तर थांबू नका

शौचावाटे रक्त किंवा डांबरासारखा काळा मल, वजन घटणे, ताप, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असल्यास आय.बी.एस. म्हणून स्वस्थ बसू नये. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. घाटीत किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.

ही लक्षणे नसतील, तर आय.बी.एस.चे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही, हे मनाशी पक्के धरावे. आणि घरच्या मंडळींनी रुग्णाला "सोंग करतोस" असे म्हणू नये. दुखणे खरे आहे.