धृपद धरणारे

(नामाची वाट : भाग ११)

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा साताऱ्यातला 'देवाचा दरबार' या आठवड्यात सांगायचा होता. तो राहू दे, कारण विट्याहून एक पत्र आलंय. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. 'पूर्वी माळ हातात घेतली की डोळे भरून यायचे. आता नुसतं तोंड हलतं. हा देवाशी खोटेपणा तर नव्हे? जप बंद करू का?'

बंद करू नका, एवढं उत्तर कार्डावरही मावलं असतं. पण त्यामागचं कारण लांबचं आहे, आणि ते एका कोरड्या मुलखातून सुरू होतं.

ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) या मुलखातले. दुष्काळात त्यांनी माणसांना शेतावर कामाला लावलं आणि जेवू घातलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. गोडी लागली की नाम घेईन, म्हणणाऱ्याला त्यांचं सांगणं साधारण असं : आधी घ्या, गोडी मागून येईल.

त्यांच्या संप्रदायात लिखित जपाच्या वह्या चालतात. चौकटींची पानं, एकेका चौकटीत नाम. मला या वह्या फार आवडतात. पहिल्या पानावर अक्षर टपोरं असतं. मग शाई बदलते, अक्षर तिरपं होतं आणि समासात कुठे दुधाचा हिशेबही सापडतो. मन गवळ्याकडे गेलेलं असतं, हात मात्र पुढच्या चौकटीत. बोटात घालायच्या काउंटरबद्दल माझं मत तितकं बरं नाही. आकडा वाढतो आणि त्याबरोबर आकड्याचा तोराही. असो.

बाईंना खरं उत्तर देतील ते तुकोबा. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, व्यापार बुडालेला, पहिली बायको अन्नावाचून गेलेली. पुढे आपली हकिगत सांगताना ते लपवत नाहीत की सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं. मग केलं काय? संतांची वचनं पाठ केली, आणि गाणारे पुढे गात असताना मागे उभं राहून धृपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरलं. एवढा मोठा कवी, पण पडत्या काळात त्याने शब्द दुसऱ्यांचे घेतले आणि जागा मागची. याला खोटेपणा म्हणायची माझी तरी छाती नाही.

जत तालुक्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य गुरुदेव रानडे. त्यांनी १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तुकोबांची तळमळ, देवाशी मांडलेली भांडणं उलगडताना त्यांनी स्पेनच्या सेंट जॉन ऑफ द क्रॉसची 'आत्म्याची काळोखी रात्र' जवळ केली. कोरडेपणा हा साधनेतलाच टप्पा आहे, तो चुकल्याची खूण नव्हे, हे त्यातून पटतं. पण रानड्यांशी माझं छोटंसं भांडण आहे. त्यांचा भर एकट्या साधकाच्या अनुभवावर. मागे धृपद धरणाऱ्यांकडे ते फारसे वळत नाहीत.

माउलींची पालखी लोणंदहून तरडगावाकडे निघते तेव्हा एखाद्या दिंडीबरोबर चालून बघा. विणेकरी अभंग उचलतो, मृदंग साथ देतो, टाळकऱ्यांच्या ओळी धृपद घेतात. त्यांतल्या एखाद्याच्या डोक्यात पेरणीचं कर्ज असतं, एखाद्याच्या टाचेला फोड. तरी टाळ समेवर पडतो. आपला आवाज बसला तर शेजारचा गातोच, आणि अभंग पुढे जातो. घरात एकटीने माळ ओढणाऱ्या बाईंना नेमका हाच शेजार नाही.

तेव्हा बाई, माळ चालू ठेवा, पण एकादशीला जवळच्या भजनालाही जा. पेटीजवळ बसू नका. शिक्षकाला पुढे बसायची खोड असते. मागच्या ओळीत बसा आणि धृपद तेवढं धरा. डोळे भरून येतायत का, याची तपासणी नको.

टिळक पुढच्या आठवड्यात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं तेही सांगत. त्यामुळे वाट फारशी सुटलेली नाही.