घोटा, मनगट आणि सेकंदाचा पंधरावा भाग

शीवहून एका वाचकाने विचारलंय: मुलगा कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळतो, त्याला ते लुकलुकणारे दिवे आणून द्यावेत का? दिवा पेटला की हात लावायचा, यंत्र वेळ मोजतं. रिफ्लेक्स वाढतात म्हणे.

आधी मॅटवर काय घडतं ते पाहावं. चढाईपटूला बोनस हवा असेल तर एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत ठेवावा लागतो. म्हणजे पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर आत, सहा-सात जणांच्या तोंडावर, अंगाचं सगळं वजन एका पायावर. दुसरा टेकल्याशिवाय हा उचलत नाही. नियम करणाऱ्यांनी कोपरारक्षकाला मेजवानीच वाढून ठेवली आहे! तो सूर मारतो, घोटा धरतो आणि प्रेक्षक त्याच्या रिफ्लेक्सचं कौतुक करतात.

पण हिशेब जमत नाही. डोळ्यांनी पाहून हात हलवायला चपळ माणसालाही सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, वर सूर मारायचा वेळ वेगळा. पाय टेकलेला पाहून निघालेला गडी रिकाम्या मॅटवर तोंडघशी पडायला हवा. लालबाग-परळचे कसलेले कोपरारक्षक पडत नाहीत.

हेच कोडं जपानच्या केंदोत आहे. बांबूची तलवार घेतलेला प्रतिस्पर्धी डोक्यावर वार करायला हात उचलू लागतो, आणि त्याच क्षणी त्याच्या मनगटावर फटका बसतो. याला म्हणतात ‘देबाना’. वार थोपवल्यावर किंवा समोरच्याचा डाव संपल्यावरही संधी असते, पण मान या पहिल्या क्षणाला. का? २०१६ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी मेंदूचे संकेत वाचणाऱ्या संगणकाशी माणसांची झुंज लावली. पाय हलणार अशी चाहूल लागली की संगणक लाल दिवा लावी. तो दिसताच माणसाने पेडल दाबायचं टाळायचं. हालचाल सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा भाग उरला, की मग कुणालाच धड थांबता येईना. हात उचलू लागलेला केंदोपटू या टप्प्याच्या पुढे गेलेला असतो. बचाव आठवला तरी उपयोग नाही.

आधीच लागलेली चाहूल किती मोलाची, ते १८६५ सालीच मोजलं गेलं, आणि तेही पायांवर. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला, फ्रान्सिस्कस डोंडर्स यांच्या हाताखाली योहान याकोब द यागर हा विद्यार्थी माणसांच्या पायांना विजेचे झटके देत होता. ज्या पायाला झटका, त्या बाजूच्या हाताने खूण करायची. कोणता पाय ते आधी सांगितलं असेल, तर उत्तर सेकंदाच्या पंधराव्या भागाने लवकर येई. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटर वेगाने निघालेला पाय चांगला फूटभर सरकतो. मनातला निर्णय घड्याळावर मोजण्याची ही सुरुवात. पाठ्यपुस्तकांत मात्र डोंडर्स यांचा १८६८ चा निबंध झळकतो. द यागर तळटीपेत, तोही नशीब असेल तर. (डोंडर्स मुळात डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना कीर्तीची वाण नव्हती!)

चाहूल घ्यायची ती नेमक्या हद्दीवर, आणि शीव हा शब्दच हद्दीचा. पलीकडच्या पोर्तुगीज साष्टीवर नजर ठेवायला इंग्रजांनी इथल्या टेकडीवर १६६९ ते १६७७ दरम्यान किल्ला बांधला. एक पाऊल पुढे टाकलं की वार पोचतो, एक मागे घेतलं की चुकतो, अशा अंतराला केंदोत ‘इस्सोकु इत्तो’ म्हणतात. मराठीत ‘शीव’ खुशाल चालेल. शिवेवर उभा असलेला चढाईपटू पाय नाचवून हूल देतो, पण वजन कोणत्या पायावर आहे ते कंबर लपवू शकत नाही.

दिव्यांची अडचण इथेच आहे. दिव्याला कंबर नाही, पेटण्याआधी तो खांदा आवळत नाही. त्यावर सराव करणारा दिव्यांत पटाईत होतो. केंदोचे गुरू तर, समोरचं सगळं अंग एकदम दिसावं म्हणून, नजर दूरच्या डोंगराकडे पाहिल्यासारखी ठेवायला सांगतात. नजरेचा माग घेणारं यंत्र लावून पाहिलं, तर मुरलेल्या खेळाडूंची नजर बहुतेक वेळ समोरच्याच्या डोळ्यांपाशी स्थिर होती. नवख्यांची मात्र त्याच्या हालचालींबरोबर वर-खाली फिरत होती.

तेव्हा दिव्यांचे पैसे वाचवावेत आणि रोज संध्याकाळी मुलाला दोन-तीन वेगवेगळ्या चढाईपटूंसमोर उभं करावं. सुरुवातीला बोनस जातील, जाऊ द्यावेत.