सनद आणि तिच्या अटी

‘सनद’ हा शब्द मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. पूर्वी राजसत्ता एखाद्यास जमीन, वतन किंवा अधिकार देई, तेव्हा त्याचा जो लेखी दाखला मिळे, तो सनद होय. सनदेने अधिकार प्राप्त होई. पण त्या अधिकाराबरोबर काही कर्तव्येही अंगावर येत. अमेरिकेत शाळांचा एक प्रकार ह्याच कल्पनेवर उभारलेला आहे. तिकडे त्या शाळांना ‘चार्टर स्कूल’ म्हणतात. चार्टर म्हणजे सनद; म्हणून मराठीत त्यांना सनदी शाळा असे म्हणता येईल.

अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्यातील सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा सुरू झाली. आज चाळीसांहून अधिक राज्यांत ह्या शाळा असून त्यांत तीस लाखांहून अधिक मुले शिकत आहेत. शाळेचा कारभार बहुधा एक स्वतंत्र मंडळ पाहते. परंतु खर्च मात्र सार्वजनिक निधीतून, म्हणजे लोकांनी भरलेल्या करांतून भागविला जातो. मुलांकडून शिक्षणाची फी घेतली जात नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर सामान्यतः सोडत काढून प्रवेश दिला जातो. शाळेने कोणती उद्दिष्टे साधावयाची, हे सनदेत नमूद केलेले असते. ठरलेली मुदत संपली की शाळेच्या कामाची तपासणी होते, आणि ते समाधानकारक नसेल तर सनद काढून घेतली जाऊ शकते.

ह्या शाळांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांना मिळालेली मोकळीक. वेळापत्रक कसे असावे, कोणत्या पद्धतीने शिकवावे, शिक्षक कसे निवडावे, अशा पुष्कळ बाबतींत इतर सरकारी शाळांवर असलेली बंधने त्यांच्यावर नसतात. नवे प्रयोग व्हावेत आणि त्यांतून शिक्षण सुधारावे, हा ह्या मोकळिकीचा हेतू आहे. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. शिकविण्याच्या पद्धतीत शाळा स्वतंत्र आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या हक्कांच्या बाबतीतही ती स्वतंत्र आहे काय?

अमेरिकेच्या संघराज्याचे कायदे ह्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतात. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वये, सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ देश ह्यांवरून भेद करता येत नाही. १९७२ च्या कायद्याने शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली. १९७३ आणि १९७५ च्या कायद्यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला, आणि १९९७ साली झालेल्या दुरुस्तीने त्यात सनदी शाळांतील मुलांचाही स्पष्ट उल्लेख केला. त्यामुळे एखादे मूल नीट ऐकू शकत नसेल किंवा त्याला वाचनाची विशेष अडचण असेल, तर ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ असे सांगून शाळेला त्याची बोळवण करता येत नाही. त्याच्या गरजेनुसार व्यवस्था करणे हे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे.

शिस्तीच्या बाबतीतही असेच आहे. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात १९७१ साली काही विद्यार्थ्यांना सरकारी शाळांतून काही दिवसांसाठी काढून टाकण्यात आले. परंतु त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, थोड्या दिवसांसाठी का होईना, विद्यार्थ्याला शाळेबाहेर ठेवावयाचे असेल, तर आरोप काय आहे हे त्याला सांगितले पाहिजे; त्याने तो नाकारल्यास पुरावा कोणता हेही सांगितले पाहिजे, आणि आपली बाजू मांडण्याची संधी त्याला दिली पाहिजे. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा करून, अशी न्याय्य रीत सनदी शाळांनी आपल्या सनदेतच लिहून ठेवली पाहिजे, असे ठरविले.

तथापि, कायदा कागदावर असला तरी तो प्रत्यक्षात उतरविण्यासाठी कोणाला तरी पुढे यावे लागते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील लेलंड ह्या गावच्या सनदी शाळेची हकिकत ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या मुलींना गणवेशात झगा किंवा स्कर्टच घालावा लागे. व्यायामाच्या तासाचे दिवस वगळता त्यांना विजार घालण्यास बंदी होती. थंडीत मुलींचे पाय गारठत. जमिनीवर बसताना, धावताना, खेळताना आपले कपडे सावरण्याकडेच त्यांचे लक्ष लागे. मुलग्यांना मात्र असे कोणतेच बंधन नव्हते. २०१६ साली तीन विद्यार्थिनींच्या वतीने ह्या नियमाविरुद्ध दावा दाखल झाला.

शाळेने आपली बाजू मांडताना सांगितले की, पारंपरिक शिष्टाचाराची जोपासना हा ह्या नियमाचा हेतू आहे. शिवाय, शाळा चालविणारी संस्था खाजगी आहे. म्हणून राज्यघटनेची जी बंधने सरकारवर असतात, ती तिला लागू होत नाहीत. न्यायालयाने हा मुद्दा बारकाईने तपासला. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदाच सनदी शाळेला सार्वजनिक शाळा म्हणतो, आणि ह्या शाळेचा शंभरातला पंचाण्णव भाग खर्च सार्वजनिक पैशातून होत होता. मुलांना मोफत शिक्षण देणे हे राज्याचे काम असून तेच राज्याने ह्या शाळेवर सोपविले होते. तेव्हा राज्याचे काम राज्याच्या पैशाने करणाऱ्या शाळेला राज्याची बंधनेही पाळावी लागतील, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने जून २०२२ मध्ये बहुमताने दिला आणि तो नियम घटनाविरोधी ठरविला.

काही न्यायाधीशांचे मत मात्र निराळे होते. अशा शाळांवर सरकारी शाळांप्रमाणेच बंधने आली, तर त्यांचे वेगळेपण नाहीसे होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. ही शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. त्यामुळे त्या विभागातील पाच राज्यांत हा निर्णय कायम राहिला. पण संपूर्ण देशापुरता ह्या प्रश्नाचा अखेरचा निकाल अजून लागलेला नाही.

तरीही ह्या सर्व हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याचे पालन म्हणजे केवळ कागदपत्रे व्यवस्थित ठेवणे नव्हे. नियम आधी लिहून सर्वांना कळविणे, तक्रार कोठे करावयाची हे पालकांना सांगणे, शिक्षेपूर्वी मुलाचे म्हणणे ऐकणे, आणि एका मुलासाठी जे दार उघडे आहे ते दुसऱ्यासाठीही उघडे ठेवणे, हे त्या पालनाचे खरे स्वरूप होय. हक्क मिळाल्याने विद्यार्थ्याची कर्तव्ये संपत नाहीत. अभ्यास, शिस्त आणि इतरांविषयी आदर ही त्याच्याही वाट्याला येतातच. परंतु ज्या शाळेत मोठी माणसे स्वतः नियमाने वागतात, त्याच शाळेत मुलांना नियमाचे महत्त्व पटते. शाळेला मिळालेली सनद ही मुलांना चांगले शिकविण्यासाठी दिलेली मोकळीक आहे. ती त्यांच्या हक्कांच्या आड आली, तर सनद देण्याचा मूळ हेतूच विफल होईल.