मेईची सावली

गेल्या पावसाळ्यात बीदरनजीकच्या कोळार येथे एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दोन दिवस मुक्कामास होतो. घर आनंदात नव्हते. सूनबाईंच्या फुफ्फुसाच्या आवरणात क्षयामुळे पाणी साठले होते व त्यांना हैदराबादच्या इस्पितळात ठेवावे लागले होते. त्यांचे यजमान त्यांच्यापाशी, आणि घरी आजी, आजोबा व नऊ वर्षांची नात. सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर ती मुलगी आमच्याजवळ येऊन बसली आणि तिने अगदी हळू विचारले, "काका, मेई खरंच मेलेली असते का हो?"

ही मेई कोण, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तिच्या वर्गातील एखादी मुलगी दगावली की काय, अशी शंका मनास चाटून गेली. आजींनी खुलासा केला, "मोबाईलवर जपानी चित्रं बघते ना, त्यातली पोरगी. हिचा आतेभाऊ आला होता, त्यानं काय काय सांगून ठेवलंय. तेव्हापासून धड जेवत नाही बघा."

जपानी रेखाचित्रांचे बोलपट, ज्यांना हल्लीची मुले 'ॲनिमे' म्हणतात, त्यांच्याशी आमचा परिचय बेताचाच. पण मुलगी जेवत नाही म्हटल्यावर तो विषय क्षुल्लक राहिला नाही. त्याच रात्री तिच्या शेजारी बसून आम्ही तो चित्रपट पाहिला, व घरी परतल्यावर त्याविषयी जे मिळाले ते वाचून काढले.

चित्रपटाचे नाव 'माझा शेजारी तोतोरो'. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. 16 एप्रिल 1988 रोजी तो जपानमध्ये प्रथम प्रदर्शित झाला. कथा साधी आहे. एक अध्यापक थोरली सात्सुकी व धाकटी, चार वर्षांची मेई या आपल्या मुलींना घेऊन खेड्यातील जुन्या घरात राहावयास येतो. मुलींची आई तेथून जवळच्या इस्पितळात दीर्घकाळ आजारी असते. घरामागील प्रचंड कापूरवृक्षात तोतोरो नावाचा केसाळ, अजस्र, परंतु निरुपद्रवी प्राणी राहतो, व तो फक्त या मुलींना दिसतो. एके दिवशी इस्पितळातून तार येते. आईचे घरी येणे लांबणीवर पडते. मेई मक्याचे एक कणीस घेऊन एकटीच आईकडे निघते आणि वाट चुकते. सारा गाव तिला शोधतो. तळ्यात एक लहान चप्पल सापडते. अखेर तोतोरो एका बारा पायांच्या मांजराला बोलावतो, जे मांजरही आहे व बसगाडीही. सात्सुकी त्यात बसून मेईला शोधते आणि दोघी इस्पितळापुढच्या झाडावर बसून आईला हसताना पाहतात.

यात मृत्यू कोठे आला? तो आणला आहे प्रेक्षकांनी. जपानमध्ये या चित्रपटाविषयी एक वदंता कर्णोपकर्णी पसरली व समुद्र ओलांडून कोळारपर्यंत आली. ती अशी, की तोतोरो हा मृत्युदेव आहे. तळ्यातील चप्पल मेईचीच. मेई बुडाली, सात्सुकीने ते कबूल केले नाही, व ती मांजरगाडी तिला परलोकी घेऊन गेली. पुरावे काय? तर शेवटी-शेवटी दोघी बहिणींच्या सावल्या जमिनीवर पडत नाहीत. हरवलेली मेई ज्या दगडी मूर्तींपाशी बसलेली सापडते त्या जिझोच्या, आणि जिझो हा तेथील श्रद्धेनुसार मृत बालकांचा सांभाळ करणारा. मुली इस्पितळाच्या दाराशी येऊनही आत जात नाहीत, आई मात्र म्हणते की मुली झाडावर हसताना दिसल्याचा भास झाला. शिवाय मे 1963 मध्ये सायामा गावी एका शाळकरी मुलीचा खून झाला होता. चित्रपटातील परिसर सायामाच्या टेकड्यांवरून घेतलेला, आणि दोन्ही बहिणींच्या नावांचा अर्थ 'मे महिना'!

पुराव्यांची ही माळ ऐकताना अंगावर काटा येतो, हे आम्ही नाकारीत नाही. सावलीचा मुद्दा तर आजींनाही तत्काळ पटला. "सावली नाही म्हणजे माणूस नव्हेच की," त्या म्हणाल्या. भुताला सावली नसते व त्याचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडील प्रत्येक आजीने नातवंडांना सांगितलेले असतेच. विहिरीच्या काठी बेवारस चप्पल दिसली म्हणजे खेड्यात काळजात काय होते, हेही कोणी समजावून सांगावयास नको. म्हणूनच ही जपानी अफवा आमच्या मुलुखात परकी वाटत नाही.

तथापि एकेक धागा ओढून पाहिला की माळ सुटते. चप्पल पाहून सात्सुकी स्पष्ट म्हणते की ही मेईची नव्हे. ती खोटे बोलते असे मानावयास चित्रपटात यत्किंचित आधार नाही. नावांचे म्हणाल, तर मियाझाकींच्या आरंभीच्या कल्पनेत एकच मुलगी होती. पुढे तिच्या दोघी झाल्या व एकीचे नाव दोघींत वाटले गेले. चित्रपटाच्या जाहिरातीत पावसात तोतोरोशेजारी उभी असलेली मुलगी आजही एकटीच आहे. सायामाचा गुन्हा 1963 मधला. चित्रपटातील काळ त्याच्या आधीच्या दशकातला. आणि सावली? हे चित्रपट हाताने काढतात. पडद्यावरील एका सेकंदासाठी चोवीस चौकटी लागतात, व सावली दाखवायची तर तीही पुन्हा पुन्हा काढून रंगवावी लागते. जिब्ली या चित्रसंस्थेने मे 2007 मध्ये जाहीरपणे सांगितले की तोतोरो मृत्युदेव असल्याचे किंवा मेई मेल्याचे या चित्रपटात काहीही नाही. सावल्या अनावश्यक वाटल्या म्हणून गाळल्या, इतकेच.

तरीही अफवा मेली नाही. का बरे? आमच्या मते याचे एक कारण त्या पहिल्या प्रदर्शनातच असावे. त्या दिवशी त्याच तिकिटावर दुसराही एक चित्रपट दाखविला गेला, इसाओ ताकाहाता यांचा 'काजव्यांची कबर'. अकियुकी नोसाका यांच्या 1967 मधील कथेवरून तो घेतलेला आहे. युद्धकाळात उपासमारीने गेलेल्या आपल्या धाकट्या बहिणीचे दुःख नोसाकांनी त्या कथेत मांडले. त्यात निराधार भाऊ-बहीण दोघेही मरतात, आणि हे आरंभालाच सांगून टाकलेले असते. एकाच बैठकीत दोन भावंडांचे मरण व दोन भावंडांचे खेळणे पाहिलेल्या मनाने एकाची छाया दुसऱ्यावर पाडली असेल, तर नवल नाही.

मियाझाकींच्याच 2001 मधील चित्रपटात, ज्यात चिहिरो नावाची मुलगी देवभुतांच्या स्नानगृहात नोकरी करते, पाण्यावरून धावणारी एक आगगाडी आहे. तिच्यात अर्धपारदर्शक, काळसर उतारू निमूट बसलेले असतात, आणि ही गाडी पूर्वी परत येत असे, आता फक्त जाते, असे एक पात्र सांगते. ही मृतांची गाडी होय, असे अनेक रसिक मानतात. एका फलाटावर उभी असलेली लहान मुलीची छाया म्हणजे 'काजव्यां'मधील बहीणच, असेही काही म्हणतात. यावर आम्ही वाद घालणार नाही. तेथे चित्रकाराने दार उघडे ठेवले आहे. ज्याला आत डोकवायचे त्याने डोकवावे.

आणि एके ठिकाणी तर तर्क करण्याचे कारणच उरत नाही. केन्जी मियाझावा हा कवी 1933 मध्ये वारला. त्याची 'आकाशगंगेची आगगाडी' ही कथा पुढील वर्षी प्रसिद्ध झाली, व 1985 मध्ये गिसाबुरो सुगी यांनी तिचा चित्रपट केला, सारी मुख्य पात्रे मांजरांच्या रूपात. नोव्हेंबर 1922 मध्ये केन्जीची चोवीस वर्षांची बहीण तोशी वारली. पुढील उन्हाळ्यात तो आगगाडीने व बोटीने दूर उत्तरेस साखालीन बेटापर्यंत गेला, आणि त्यानंतर त्याने ही कथा लिहावयास घेतली. दोन मित्र ताऱ्यांमधून जाणाऱ्या गाडीत बसतात. हिमनगावर आदळून बुडालेल्या जहाजातील मुले त्याच गाडीत चढतात व दक्षिण क्रूसापाशी उतरतात. अखेरीस कळते की मित्रांपैकी एकजण दुसऱ्या मुलाला वाचविताना नदीत बुडाला आहे. केन्जी स्वतः निष्ठावंत बौद्ध होता; तथापि त्याच्या गाडीत एक कॅथलिक वेषाची संन्यासिनीही बसलेली आहे, हे वाचून आम्हांस मौज वाटली व थोडे गहिवरूनही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी पाहावयास गेलो होतो. 1436 मध्ये निवर्तलेल्या अहमदशाह वलीच्या घुमटाखाली मान वर करून पाहिले, तर सोनेरी व रंगीत अक्षरांची नक्षी आजही शिल्लक आहे, आणि तेथे मुसलमान येतात तसे हिंदूही येतात. रोमच्या भुयारी दफनभूमीतील नांगर, मेंढपाळ, माशाच्या पोटातून बाहेर येणारा योना, या चित्रांचे अर्थ पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना कोणी फोडून सांगावे लागत नव्हते. शोक करणाऱ्यांनी ते मिळून ठरविलेले होते. सावली गाळणाऱ्या चित्रकाराशी असा कोणताच करार झालेला नव्हता. हा भेद त्या आतेभावाला कसा सांगावा, याचा विचार करीतच आम्ही कोळारला परतलो. तो मुलगा दुष्ट नव्हे. त्याला एक गुपित कळले होते, आणि चौदाव्या वर्षी गुपित पोटात राहत नाही.

परंतु त्याच्या गुपिताने नेमके काय केले, हे पाहा. चित्रपटात मृत्यूची भीती आहेच, व ती उघड आहे. तार आल्यावर सात्सुकी, एवढी शहाणी मुलगी, 'आई मेली तर?' म्हणून मोठ्याने रडते. स्वतः मियाझाकींच्या आईला मणक्याचा क्षय होता व त्या कित्येक वर्षे अंथरुणास खिळून होत्या. ही भीती त्या चित्रपटात पुरून ठेवलेली नाही. ती दिवाणखान्यात बसली आहे. कोळारच्या त्या मुलीनेही चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला तो याचसाठी, असा आमचा कयास आहे: तिच्या घरी जो शब्द कोणी उच्चारीत नव्हते, तो तेथे एक मुलगी उच्चारीत होती. अफवेने तो शब्द आईवरून उचलून मुलींवर ठेवला, आणि तिच्या हातून तिचा सोबतीच काढून घेतला.

संध्याकाळी आम्ही तिला म्हणालो, "मेई मेली नाही. चल, शेवट पाहू."

"शेवट पाहिलाय की. कणीस ठेवतात ना, तोच."

तेव्हा आमच्या ध्यानात आले. कथा संपून नामावली सुरू झाली की ते यंत्र आपोआप पुढचा चित्रपट लावते. आदल्या रात्री आमच्या देखतही तसेच झाले होते. या वेळी आम्ही तसे होऊ दिले नाही. गाणे सुरू झाले, जपानी अक्षरांत नावे सरकू लागली, आणि त्यांच्यासोबत एकामागून एक चित्रे आली. आई घरी परत आली आहे. आई दोन्ही मुलींना जवळ घेऊन अंथरुणात पुस्तक वाचून दाखवीत आहे. मेई आपल्याहून लहान मुलांशी खेळत आहे. त्या मुलीने बोट लावून चित्र थांबविले, बराच वेळ पाहिले, पुढे सरकविले, पुन्हा मागे आणले. आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या व त्याही उभ्या राहिल्या.

"ही त्यांची आई? बरी झाली म्हणायची," आजी म्हणाल्या.

आम्ही मुलीला मियाझाकींच्या आईविषयी सांगितले. त्या दुखण्यातून उठल्या व 1983 पर्यंत जगल्या. त्या काळी या रोगावरची औषधे नुकतीच निघत होती. आज ती गावोगावी सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. तुझी आई हमखास बरी होईल, असे वचन देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता व ते आम्ही दिले नाही. गोळ्या न चुकविता सहा महिने घ्याव्या लागतात व बहुतेक माणसे बरी होतात, एवढे मात्र सांगितले. ती जेवावयास बसली.

सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. पाणी काढले होते. घरी केव्हा सोडतील ते अजून ठरले नव्हते. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. तिला वेगळेच विचारावयाचे होते. सहा महिने म्हणजे नाताळाच्या आधी की नंतर? आम्ही दोघांनी बोटांवर महिने मोजले. नंतर, असे तिला सांगावे लागले.