टोपी काढलेली अक्षरं

वहीत एक ठसठशीत 'प' काढा. आता त्याच्या डोक्यावरची आडवी रेघ खोडून टाका. काय उरलं? तुम्ही म्हणाल, अर्धवट प. पण सिल्वासाच्या बाजारात भाजीच्या ढिगात खोचलेल्या पुठ्ठ्यावर हेच चिन्ह दिसलं, तर ते असतं पाच! गुजराती पाच. गंमत म्हणजे गुजरातीतला 'प'सुद्धा जवळजवळ अस्साच असतो. मग महाराष्ट्रातून आलेल्या एखाद्या पाहुण्याने विचारलं, "अहो, मेथीवर पालकाचा प कशाला लावलात?" तर त्याला हसू नका.

सिल्वासा म्हणजे दादरा-नगर हवेलीतलं मुख्य शहर. एकीकडे गुजरात, दुसरीकडे महाराष्ट्र, जवळून वाहणारी दमणगंगा. इथे गुजराती, मराठी, हिंदी, वारली, कुकणा असं सगळं कानावर पडतं. कारखाने भरपूर, त्यामुळे लांबलांबच्या राज्यांतून ट्रक येतात ते आपापली अक्षरं अंगावर रंगवूनच. अक्षरं बघायला यापेक्षा झकास गाव मला तरी माहीत नाही. बघायला हं, वाचायला नव्हे! वाचताना आपण अक्षराकडे नीट बघतच नाही. अर्थ कळला की डोळे लगेच पुढे पळतात. आज त्यांना जरा थांबवू या आणि एकच गोष्ट शोधू या : अक्षराला हा आकार दिला कोणी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हातातल्या हत्याराने आणि हाताला असलेल्या घाईने.

घाईचंच आधी बघा. गुजराती अक्षरांची टोपी गेली कुठे? गुजराती लिपी देवनागरीच्याच घरातली. पूर्वी पोथ्या देवनागरीत लिहायच्या आणि हिशेब, हुंड्या, पत्रं या दुसऱ्या भरभर लिपीत, अशी गुजरातेत वाटणी होती. तिला 'वाणियाशाई' किंवा 'महाजनी' म्हणत. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, वहीत शंभर नोंदी करायच्या आहेत, अशा वेळी प्रत्येक शब्दावर रेघ कोण ओढत बसणार? रेघ गेली. पुढे पुस्तकंही याच लिपीत छापली जाऊ लागली आणि बिनटोपीची अक्षरं कायमची झाली.

आता आपल्याकडे या. मराठी कारकुनांनाही घाई होतीच की! पण त्यांनी नेमकी उलटी युक्ती केली. मोडी लिपीत लिहिताना ते आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ ओढून घ्यायचे. मग तिच्याखाली, लेखणी होता होईतो न उचलता, अक्षराला अक्षर जोडत सुटायचे. म्हणजे शेजारच्यांनी वेळ वाचवायला रेघ काढून टाकली आणि आपल्या लोकांनी वेळ वाचवायला ती आधीच ओढून ठेवली. एकाच अडचणीची दोन उत्तरं! मला विचाराल तर मोडीचं उत्तर जास्त हुशारीचं. अर्थात वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते सोडा.

आता हत्यार. यासाठी एक प्रयोग करायचाच, नुसता वाचायचा नाही. दोन पेन्सिली शेजारी-शेजारी धरा आणि रबरबँडने घट्ट बांधा. दोन्ही टोकं कागदाला एकदम टेकली पाहिजेत. एक टोक थोडं वर आणि एक थोडं खाली राहील, अशी जोडी तिरकी धरा. आता मनगट अजिबात न फिरवता एक गोल काढा. एकात एक अडकलेले दोन गोल उमटतील. दोन रेघांमधली जागा रंगवा आणि मग बघा. दोन ठिकाणी पट्टा रुंद झालाय आणि दोन ठिकाणी रेघा एकमेकींना चिकटून अगदी बारीक झाल्या आहेत. तुम्ही कुठेही जोर दिला नाही की कमी केला नाही. जाड-बारीक आपोआप आलं!

बोरू हेच करतो. बोरू म्हणजे बरूची लेखणी. तिचं टोक चाकूने सपाट पण तिरकं कापतात. टोकाच्या धारेच्या दिशेने लेखणी सरकली की बारीक रेघ, आणि धारेला आडवी सरकली की जाड. आता पेन्सिलींची जोडी उलट्या बाजूला तिरकी धरून पुन्हा गोल काढा. बारीक जागा सरकून भलतीकडेच गेल्या ना? देवनागरीचा बोरू आणि रोमन अक्षरांची सपाट टोकाची लेखणी यांचा तिरकेपणा असाच एकमेकांच्या उलट असतो. म्हणून तर आपल्या पोथीतल्या अक्षरांची जाडी एका जागी असते आणि जुन्या इंग्रजी अक्षरांची दुसऱ्या जागी. पुढच्या वेळी एखाद्या दुकानाच्या पाटीवर मराठी आणि इंग्रजी नाव वरखाली दिसलं, की हे नक्की तपासा. कधीकधी रंगवणाऱ्याने मराठी अक्षरांना इंग्रजी जाडी दिलेली सापडते आणि अक्षरं कशी परकी-परकी दिसतात!

सिल्वासाच्या याच मुलखात एक वेगळंच हत्यार आहे. वारली चित्र काढणारे बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर रंगवतात. या टोकाला धार नाही, म्हणून त्याच्या रेघेत ठरावीक जाड-बारीकही नाही. सगळीकडे साधारण एकसारखी रेघ, ठिपके, त्रिकोण, गोल. पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी याच साध्या रेघेने काढलेली चित्रं जगभर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हल्ली कुठे कुठे शाळेच्या भिंतीवर नावाची अक्षरंही वारली माणसांची केलेली दिसतात. 'म'च्या कान्याच्या जागी कोणीतरी तारपा वाजवत उभं असतं!

आता या शहराच्या नावाचीच अक्षरं बघा. सिल्वासावर २ ऑगस्ट १९५४ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं. ते अजून एका जागी लपून बसले आहेत : शहराच्या इंग्रजी पाटीत. त्या नावात 'एस' लागोपाठ दोनदा का येतो, कधी विचार केलाय? पोर्तुगीज भाषेत दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'एस' आला, की त्याचा उच्चार 'झ'सारखा होतो. एकच लिहिला असता, तर साहेबांनी 'सिल्वाझा' वाचलं असतं. म्हणून दोन! राज्य गेलं, पण जास्तीचा एस राहून गेला. या पोर्तुगिजांनीच १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना आणला. फादर स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. आपल्या लिपीचे खिळेच तेव्हा नव्हते. खिळे म्हणजे छापायची धातूची अक्षरं. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने इतके सुरेख खिळे ओतले, की त्यांची पुस्तकं आजही बघत राहावीशी वाटतात.

चला, परत रस्त्यावर. मला सगळ्यात आवडतो तो शटर रंगवणारा पेंटर. आता फ्लेक्समुळे असे पेंटर कमी झालेत, पण भेटला तर तिथून हलू नका. तो आधी खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतो आणि मध्ये चिमटीत पकडून सोडतो. फट्! शटरवर सरळसोट पांढरी रेघ. अशा दोन रेघा मारल्या, की त्यांच्यामध्ये खडूने अक्षरं बेतायची. मग डाव्या हातातली काठी शटरला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे हात कापत नाही. चपटा ब्रश ऑइलपेंटमध्ये बुडवायचा, डब्याच्या काठावर निथळायचा आणि एका दमात रेघ खाली आणायची. मध्ये थांबलं, तर जोड दिसतो.

आता त्याच्या गोल अक्षरांकडे नीट बघा. 'ठ'चं पोट खालच्या रेघेच्या किंचित खाली उतरलेलं असतं. इंग्रजी 'ओ' तर दोन्ही रेघांच्या बाहेर कणभर डोकावतो. चूक झाली? मुळीच नाही! गोल आकार रेघेला एका बिंदूपाशीच टेकतो, सरळ दांडा मात्र पूर्ण रुंदीने टेकतो. दोघांची उंची पट्टीने मोजून एकसारखी ठेवली, तर आपल्या डोळ्यांना गोल अक्षर बुटकं वाटतं. म्हणून ते थोडं वाढवायचं. पुस्तकातल्या अक्षरांतही हीच लबाडी असते. पटत नाही? छापलेला इंग्रजी आठचा आकडा शोधा आणि पुस्तक उलटं धरा. वरचा गोल एकदम फुगलेला दिसेल. सुलट असताना दोन्ही गोल सारखेच वाटत होते, कारण वरचा मुद्दाम लहान केलेला होता.

रस्त्यावर रंगवलेली अक्षरं तर याहून लबाड. पायी चालताना ती वेडीवाकडी लांबुळकी दिसतात, पण गाडीच्या चालकाला ती तिरक्या नजरेने, दबलेली दिसणार असतात. म्हणून ती आधीच ताणून ठेवलेली. या पानावरचं शीर्षक डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून बघा, म्हणजे कळेल. रुग्णवाहिकेच्या तोंडावरची उलटी अक्षरं तुम्हाला माहीतच आहेत. ती पुढच्या गाडीच्या आरशासाठी. आणि नंबरप्लेट बघताना एक शोधा : मधल्या अक्षरांत इंग्रजी 'आय' आणि 'ओ' सहसा सापडत नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत व्हायला नको ना!

फोनमधल्या अक्षरांना मात्र ना बोरू लागतो ना ब्रश. तरीही बोरूचा तिरकेपणा तिथे टिकून आहे. संगणकावर वर्षानुवर्षं वापरला गेलेला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते हाडाचे सुलेखनकार होते. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'बलू' नावाचा गुबगुबीत फाँट केला. तो एकाच वेळी अनेक भारतीय लिप्यांमध्ये आला आणि प्रत्येक लिपीत त्याचं नाव वेगळं ठेवलं. गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'बलू पाजी', तमिळमध्ये 'बलू तंबी'. सगळे भाऊच! अशाच गोबऱ्या अक्षरांच्या पाट्या दिसल्या, की मी मनातल्या मनात विचारतो, काय भाई, बरं आहे ना?

आता एक कोडं, आणि याचं उत्तर मी देणार नाही. जाड कागदाची एक पट्टी घ्या आणि मराठी ओळीचा वरचा अर्धा भाग झाका. वाचता येतंय का? मग खालचा अर्धा झाका. कोणत्या वेळी जास्त अडखळलात, ते लिहून ठेवा. हेच इंग्रजी ओळीवर करा. मराठीत एक मोठी गडबड होईल. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' या जोड्यांतला फरक बराचसा डोक्यावरच्या रेघेपाशीच आहे. एकाची रेघ अखंड, दुसऱ्याची तुटलेली. मग ज्या लिपीत रेघच नाही, तिथले लोक घर आणि धर वेगळे ओळखतात कसे? शेजारी गुजराती मित्र किंवा मैत्रीण असेल, तर वही घेऊन जा आणि दोन्ही अक्षरं काढून मागा.