चढाचे गणित

पुलाच्या चढावर मालाची तीनचाकी सायकल हाताने ढकलणारा माणूस दिसला, की 'दमला बिचारा' असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याच्या दमण्यापेक्षा सायकलच्या दात्यांचा त्यात अधिक वाटा असतो.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील दादरला तीनचाकीवरून पाण्याचे जार पोचवतात. २० लिटरचे सहा जार म्हणजे १२० किलो. वडील ६० आणि गाडी ४० धरली, तर एकूण २२०. टिळक पुलाच्या चढावर ते उतरतात. का, ते मी मांडून पाहिले.

चढ ३० फुटांना १ फूट धरू. चाकांचे घर्षण मिळवून गाडी वर न्यायला सुमारे साडेनऊ किलोंचा जोर हवा. पुढची चकती ४४ दात्यांची, मागचे फ्रीव्हील १८ चे. पायडलच्या एका फेऱ्यात २८ इंची चाक जवळजवळ अडीच फेरे घेते आणि गाडी साडेपाच मीटर जाते; पाय मात्र जेमतेम एक मीटर फिरतो. अंतर पाचपट, म्हणून जोरही पाचपट : सरासरी ४८ किलो. पायडल अगदी वर किंवा खाली असताना जोर लागू पडत नाही. म्हणून मधल्या क्षणी त्याच्या दीडपट, म्हणजे सत्तरच्या वर जोर द्यावा लागतो. साठ किलोचा माणूस पायडलवर उभा राहिला, तरी वजन अपुरेच!

आता पुढे-मागे २८-२८ दाते घ्या. गिअरच्या सायकलींत अशी जोडी असते. जोर निम्म्याहून कमी होतो, सरासरी २० किलो. काम तेवढेच राहते. फेरे वाढतात, वेग माणसाच्या चालीइतका उतरतो. दुचाकी इतक्या सावकाश चालवली तर डगमगते. तीनचाकीला किंवा मागे जोडलेल्या गाड्याला ती भीती नाही. म्हणजे हलक्या गिअरचा खरा उपयोग ओझेवाल्यालाच!

गिअर म्हणजे चैन किंवा दुबळेपणा, ही समजूत जुनी आहे. फ्रान्सच्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या गिअरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर डोंगरही त्याविना चढत.

हिशेब ऐकून वडिलांनी एकच विचारले, "आणि सपाटीवर काय करायचं रे?" प्रश्न रास्त आहे. तिथे हेच दाते पाय नुसते भिरभिरवतील. म्हणून दोन्ही जोड्या हव्यात. तीनचाकीच्या आसाला त्या बसवून देईल असा मिस्त्री मी सध्या परळ-लालबागला शोधतो आहे. वडिलांचे गुडघे आताच दुखू लागले आहेत.